नक्कल कशासाठी हवी? – रेकॉर्ड रूमच्या माणसांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या महसुली रेकॉर्ड रूम सांभाळणारे सर्व अभिलेखपाल, कारकून, शिपाई आणि त्यांच्या टिपणीवर सही करणारे साहेब यांस,

स. न. वि. वि.

नकलेच्या अर्जात एक रकाना असतो, 'नक्कल कशासाठी हवी'. तीन वर्षांपूर्वी मी त्यात लिहिलं, 'पणजीचं नाव शोधण्यासाठी'. खिडकीपलीकडच्या भाऊंनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, असं कारण नसतं. जात पडताळणी लिहा, नाहीतर कोर्टकाम लिहा." म्हटलं, पडताळणी आमची केव्हाच झाली. "मग वारस लिहा." लिहिलं 'वारस'. तसं खोटंही नव्हतं म्हणा. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, कारण पुढे त्याच भाऊंनी माझ्यासाठी माळ्यावरून तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उतरवले आणि धुळीने दोन दिवस शिंकत राहिले. त्यांच्यावर राग नाही. त्या रकान्यावर आहे.

मी घणसोली गावठाणातली. बँकेत पस्तीस वर्षं खातेवह्या जुळवल्या, म्हणजे नोंद का लागत नाही हे शोधण्याची सवय हाडात आहे. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी पितृपक्षात भाऊ महालयाला बसला होता. भटजी एकेक नाव विचारत होते. बाप, आजा, पणजा, तिन्ही नावं भावाने धडाधड सांगितली. मग बायकांची नावं. आई? सांगितलं. आजी? सांगितलं. पणजी? भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी आत्याकडे. गोत्र आठवलं नाही तर काश्यप म्हणून भागतं, नावाचं तसं भागेना. भटजींनी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली.

आत्या तेव्हा शहाऐंशीची. पानं मांडून झाल्यावर तिला विचारलं, तर म्हणाली, "तिचा नाव कोन घेनार? सगली जसखारवालीच बोलाची." उरणकडच्या जसखारची म्हणून जसखारवाली. आमच्या आगरी घरांत सुना अशाच ओळखल्या जायच्या, माहेरच्या गावाने. सासरी नाव घ्यायचं नाही आणि माहेरी परत राहायचं नाही, मग नाव उरणार कुठे? हे नाव शोधायला मी तुमच्या खिडकीवर आले.

आता तुम्हाला ठाऊक असलेलीच गोष्ट सांगते, पण खिडकीच्या अलीकडच्या बाजूने.

तुमच्याकडे आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, सर्वे नंबर काय? नवी मुंबईच्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे बुजवलेल्या विहिरीची खोली विचारणं. शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं संपादनात आली. आमची भाताची खाचरं गेली, मिठागरं गेली, त्यांच्या जागी सेक्टर आले. चाळिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, सेक्टर पाठ आहे, सर्वे नंबर नाही. सातबाऱ्यावर आजाचं नाव नाही, मग तो काढायला कोण जातो? मला नंबर सापडला तो घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, भूसंपादनाच्या कलम १२(२) च्या नोटिशीवर. वडिलांनी ती नोटीस रेशनकार्डाच्या जुन्या पाकिटात जपून ठेवली होती. सोबत साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या भूखंडाच्या, फाईलची झेरॉक्स.

या साडेबारा टक्क्यांच्या फायलींबद्दल एक जाता जाता. आमच्या गावांच्या सर्वांत चांगल्या वंशावळी कुठे असतील तर त्यांत आहेत. भूखंड मिळवायचा तर मूळ खातेदाराचे सगळे वारस दाखवावे लागायचे, त्यामुळे लग्न होऊन चाळीस वर्षं झालेल्या बहिणीही कागदावर परत आल्या. आल्या आणि हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन पुन्हा गेल्या. तरी नाव, वय, सासरचं गाव एवढं तरी राहिलं.

पण १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येईपर्यंत आपल्याकडच्या वारसनोंदीत मुली बहुधा नसतातच. विधवा असते, तीही मुलगा कर्ता होईपर्यंत. म्हणून मला १९५६ च्या मागे जायचं होतं, आणि तिथे फक्त फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफाराची वही त्याच्या मागे जातच नाही. आमचं एक खाचर स्वतःच्या मालकीचं होतं, बाकी जमीन कुळाने. त्या एका खाचराने मला वाचवलं. कुळाने कसणाऱ्यांचं, मिठागरावर मजुरी करणाऱ्यांचं, कातकऱ्यांचं काय होतं ते पुढे लिहिते.

फेरफार उलट्या क्रमाने वाचायचे असतात हे मला एका निवृत्त तलाठी भाऊसाहेबांनी शिकवलं. आजच्या नोंदीखाली मागच्या फेरफाराचा नंबर, त्याखाली त्याच्या मागचा. मी असं मागे मागे जात १९२७ ला पोचले. तिथे एक ओळ: पांडू गोमा सज्ञान झाल्याने अ.पा.क. शेरा कमी केला. पांडू म्हणजे माझा आजा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, वयात न आलेल्या वारसाचा सांभाळ करणारा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको आणि 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. त्याच्या मागे १९१९: अ.पा.क. आई मयत, सबब चुलत्याचे नाव दाखल. आणि त्याच्या मागे १९११: गोमा रामा मयत, वारस मुलगा पांडू अज्ञान, अ.पा.क. आई चांगी कोम गोमा.

चांगी.

रेकॉर्ड रूममध्ये मोठ्याने बोलायची बंदी असते, म्हणून मी फक्त शेजारच्या वकीलसाहेबांचं पेन मागितलं. माझ्या पेनातून शाई उतरेना.

बघा, ती कागदावर कशी आली. नवरा मेला म्हणून आली. स्वतः मेली तेव्हा कंसात, म्हणजे कमी केलेल्या नावांत, गेली. मुलगा अठराचा झाल्यावर तो कंसही मिटला. मधली आठ वर्षं कागदावर ती त्या खाचराची पालनकर्ती होती. सरकारदरबारी तिच्या नावाचा एवढाच मुक्काम.

नाव मिळाल्यावर कोतवाल बुक उघडलं. गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूची नोंद. आजाच्या जन्माची ओळ सापडली, १९०८. 'गोमा रामा यास मुलगा'. बस. मुलाचं नाव नाही, कारण नोंद बारशाच्या आधीची. आईचं नाव नाही, कारण तसा रकानाच नाही. जन्म जणू गोमा रामाने एकट्याने दिला. मग १९१८ चा ऑक्टोबर काढला, तुमच्यापैकी कुणीही तोच काढला असता. इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई इलाख्यात सर्वांत भयंकर झाली ती त्या महिन्यात. एरवी आमच्या गावाला वर्षाला जेवढी पानं लागायची, तेवढी त्या एका महिन्यात भरली आहेत, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप, ताप, ताप'. लिहिणाऱ्याने पुढेपुढे नुसत्या दोन टिकल्या दिल्या आहेत, वरच्याप्रमाणे म्हणून. त्या टिकल्यांच्या ओळीत 'चांगुणा कोम गोमा, आगरी, वय ३०'.

फेरफारात चांगी, मृत्यूनोंदीत चांगुणा. एकच बाई का? ही शंका मी बँकेतली असल्यामुळे मला आलीच. उत्तर तिच्याच नावाने दिलं. आमच्या गावात त्या काळी गोमा रामा नावाचे दोघे होते. नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे रामाचा गोमा, गोमाचा रामा, रामाचा गोमा असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. आडनावं नंतरची, माझ्या आजाला तर आडनाव शाळेत गुरुजींनी चिकटवलं म्हणतात. 'गोमा बिन रामा आगरी' असा कागद हातात आला तर तो कुठला गोमा, हे देवही सांगू शकत नाही. बायकोचं नाव सांगतं. एका गोमाची चांगी, दुसऱ्याची हिरी. हिरीचा गोमा १९२६ पर्यंत जिवंत होता, चांगीचा १९११ ला गेला. चुकीच्या गोमाच्या वंशाला वारस लावून वीस-वीस वर्षं कोर्टात फिरणारी घरं तुम्हीही पाहिली असतील. त्यांतली निम्मी भांडणं बायकांची नावं धड वाचली असती तर उभीच राहिली नसती, असं माझं मत आहे.

इथपर्यंत ठीक. सासरचा धागा लागला. पण बाई मुळात कुणाची? जसखारच्या कुणाची लेक?

इथे तुमच्या दप्तराने हात टेकले, आणि मी नाशिकला गेले. आमच्या गावाचे तीर्थोपाध्ये कोण हे आत्याला ठाऊक होतं. गुरुजींनी सर्वे नंबर विचारला नाही. गाव कुठलं, जात कुठली, आडनाव काय, घरातलं कोण आलं होतं, एवढं विचारलं. लांबलचक चोपड्या, गावागावाप्रमाणे लावलेल्या. वीस मिनिटांत त्यांनी पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. शके १८५६, म्हणजे अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९३४. पांडू गोमा, गाव घणसोली, तीर्थश्राद्ध केले. खाली नावं. आजा, पणजा. मातोश्री चांगुनाबाई. आणि पुढे: मातामह धर्मा, राहणार जसखार.

श्राद्धात आईच्या बापाच्या तीन पिढ्यांची नावं घ्यायची असतात, मातामहत्रयी म्हणतात तिला. आजाला त्यातलं एकच आठवलं असावं, कारण आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा. पण ते एक त्याने सांगितलं आणि गुरुजींच्या आज्याने लिहून घेतलं. धर्माच्या वहीला जे नाव लिहावंसं वाटलं ते महसुलाच्या वहीला वाटलं नाही. मी काही फार देवभोळी नाही, पण त्या दिवशी दक्षिणा जरा जास्तच दिली.

ही गोष्ट तुम्हाला एवढ्या पाल्हाळाने सांगते आहे ती त्या वीस मिनिटांसाठी. त्यांच्या चोपड्या माणसांनी लावल्या आहेत, तुमचे गठ्ठे जमिनीने. दोष कुणाचा नाही. तुमचं दप्तर सारा वसूल करायला जन्मलं, सारा जमिनीवर बसतो, म्हणून दप्तर जमिनीने लागतं. फक्त आता त्या दप्तराकडे सारा भरणारे कमी आणि माणसं शोधणारे जास्त येतात. तेवढं बदललं आहे.

आता जसखार. आमचं गाव आज ठाणे तालुक्यात आणि जसखार रायगड जिल्ह्यात, पण १८८२ चं ठाण्याचं गॅझेटियर उघडलं तर पनवेल तालुका आणि त्याखालचं उरण ठाण्यातच सापडतं. १८८३ साली ते कुलाबा जिल्ह्याला जोडलं, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ ला. शोधणाऱ्याने कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हे साल बघून ठरवावं लागतं. मी आधी चुकीच्या खिडकीवर दोन चकरा मारल्या. हे कुणी एका कागदावर लिहून प्रत्येक रेकॉर्ड रूमच्या दारावर चिकटवलं, कुठलं गाव कुठल्या सालापर्यंत कुठे होतं, तर कितीतरी म्हाताऱ्यांचं एसटीचं भाडं वाचेल. पालघर २०१४ ला वेगळं झालं, म्हणजे ही गंमत पुढच्या पिढीलाही आहेच.

चांगुणा १९१८ ला तीस वर्षांची. अशा नोंदींत वयं पंचवीस, तीस, चाळीस अशीच असतात, कोतवालाने तोंड बघून घातलेली. म्हणून मागेपुढे दोन-दोन वर्षं धरून १८८६ ते १८९० एवढी जसखारची जन्मनोंद बघितली. बुक मोडीत. त्यासाठी आधी मोडी शिकले, साठी ओलांडल्यावर, पोरांच्या मांडीला मांडी लावून. पुराभिलेख संचालनालयही असे वर्ग घेतं, ज्यांना शिकायचं त्यांनी जरूर शिकावं. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लोंबकळत ठेवायची, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. पहिला महिना मला प्रत्येक ओळ आंब्याच्या लोणच्यातल्या मोहरीसारखी दिसायची. मग एक दिवस 'मुलगी' हा शब्द आपोआप डोळ्यांत भरायला लागला.

त्या पाच वर्षांत त्या गावात अकरा मुली जन्मल्याची नोंद आहे. अकराही बिननावाच्या. 'अमुक यास मुलगी'. त्यांतल्या तिघींचा बाप धर्मा. एक धर्मा बिन जोमा, एक धर्मा बिन हाशा, एका ओळीत बापाचं पुढचं नाव वाळवीने खाल्लं आहे. त्या तिघींतली एक माझी पणजी. लग्नात नाव बदललं असेल तर जन्मनाव चांगुणा नसेलही.

कुठला धर्मा हे ठरवायचं तर जसखारच्या फेरफारांत, किंवा कुळांच्या नोंदींत, किंवा एखाद्या जुन्या जबाबात धर्मा शोधायला हवा, ज्याला घणसोलीला दिलेली लेक होती. आणि तिथे मला पुन्हा तोच प्रश्न आला, सर्वे नंबर काय? बाई, तो माहीत असता तर मी आले कशाला असते?

तो धर्मा खातेदार होता की नाही हेही मला ठाऊक नाही. मिठागरावर काम करणारा असेल तर त्याच्या नावावर वीतभर जमीन नसेल, आणि तुमच्या पद्धतीत ज्याला जमीन नाही त्याला दारही नाही. पण तो कागदांत कुठेतरी असेल. कुणाच्या तरी इतर हक्कांत, कुणाच्या जबाबाखाली अंगठा म्हणून, एखाद्या पंचनाम्यात पंच म्हणून. तो जमिनीखाली पुरलेला आहे, नावाने वर आणता येईल.

म्हणून मागणं. जुन्या फेरफारांची आणि कोतवाल बुकांची नावांनी सूची करा. खातेदाराच्या नावापुरती नको. अ.पा.क. म्हणून आलेली, 'कोम' म्हणून आलेली, मयत, वारस, हक्क सोडणारी, जबाब देणारी, पंच, ओळीत ज्याचं ज्याचं नाव आहे त्याचं. चांगी, चांगुणा, चांगुनाबाई ही एकाच बाईची रूपं असू शकतात हे गृहीत धरून. आणि कंसातली, खोडलेली नावं आधी घ्या. आज संगणकावर महाभूलेखला नावाने शोधता येतं, पण तिथे आजचा खातेदार सापडतो. 'आपले अभिलेख'वर जुने हस्तलिखित कागद स्कॅन करून ठेवले आहेत, आणि हे काम खरोखर मोठं झालं आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पण तिथेही जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि मग नंबर द्यावा लागतो. रेकॉर्ड रूमची खिडकी जशीच्या तशी फोनमध्ये आणून बसवली आहे.

हे होत नाही असं म्हणू नका. २०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि बघता बघता जुने रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, नोंदी स्कॅन होऊन कित्येक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. आरक्षणाचं काय व्हावं यात मी पडत नाही. एवढंच म्हणते की, एक शब्द शोधायचा ठरवलं तेव्हा तुमच्याच खात्याने लाखो पानं ओळीओळीने वाचून दाखवली. ती पानं वाचताना शेजारच्या रकान्यातली नावंही डोळ्यांखालून गेली असणार. ती तेव्हाच टिपली असती तर?

तुमचंही म्हणणं मला ऐकू येतं. नावाची सूची खुली केली तर जमिनीच्या दलालांना कुरण मिळेल, कुणाचाही वारस उभा राहील. भीती खरी आहे, आमच्या पट्ट्यात तर शंभर टक्के खरी. मग शंभर वर्षांचं कुंपण घाला. इंग्लंडमध्ये खानेसुमारीचे घरोघरचे कागद शंभर वर्षं बंद ठेवतात आणि मग उघडतात, १९२१ चे त्यांनी २०२२ च्या जानेवारीत उघडले. आपल्या खानेसुमारीत तर घराघरातली नावं कायद्याने गुप्त, ती कधीच बघायला मिळत नाहीत, म्हणजे तो दरवाजा आपल्याला मुळातच नाही. निदान १९२० च्या आधीचे फेरफार आणि जन्म-मृत्यू उघडायला कुणाची हरकत असावी? १९११ च्या नोंदीवरून आज भूखंड लाटता येतो असं ज्याला वाटतं त्याने आमच्याकडे साडेबारा टक्क्यांची फाईल पास करून दाखवावी.

दुसरं तुम्ही म्हणाल, नकला मागायला येणाऱ्यांत बायकांची नावं मागणारं कुणी नसतं. खरं आहे, कारण आपणच तशी सवय लावली. जात पडताळणीला पितृकुळाचे पुरावे लागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, तोही बापाच्या बाजूचा. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायला गेलं तर वकील आजा, पणजा, खापरपणजा अशी शिडी काढतात आणि आजी कुठे घालू विचारलं तर म्हणतात, लागत नाही. ज्याची नक्कल लागत नाही तो कागद कुणी मागत नाही, आणि जो मागत नाहीत त्याला वाळवी आधी लागते.

नोंद करायची ठरवली तर ती किती होते, तेही सांगते. ठाण्यातली माझी एक ईस्ट इंडियन मैत्रीण आहे. तिच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत बाळाची आई, बाप आणि वर धर्ममाता-धर्मपिता (गॉडपेरेंट्स), चौघांची नावं आहेत. तिची पणजी तिला एका सकाळीत सापडली. मॉरिशसच्या मराठी माणसाला तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये उसाच्या मळ्यावर करारावर गेलेल्या पणज्याचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, जहाज, उंचीसुद्धा मिळते, काहींचे तर फोटो. मळेवाल्याला मजूर पळून गेला तर ओळखायचा होता म्हणून. जी बाई जहाजात बसली तिची उंची नोंदली गेली आणि जी जसखारहून होडीत बसून खाडीने घणसोलीला आली तिचं नाव नाही. माझी पणजी पळून जाणार नव्हती ना.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं. ती बाळं उद्या कुणाला शोधायला निघतील तेव्हा त्यांना माझ्यासारखं नाशिकला जावं लागणार नाही. मागच्यांचं तसं करता येत नाही हे मलाही कळतं. 'गोमा रामा यास मुलगा' या ओळीत चांगुणाला आता कुणी घुसवू शकत नाही आणि घुसवूही नये. पण ती जिथे आहे तिथे तर सापडू द्या.

आणखी दोन बारीक गोष्टी. शंभर वर्षांच्या पानाचा मोबाईलने, फ्लॅश न लावता फोटो काढू द्या. पान झेरॉक्सच्या काचेवर उपडं दाबण्यापेक्षा ते बरं, कोतवाल बुकाची शिवण झेरॉक्सवरच उसवते. आणि फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका हो. चिकटवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण दहा वर्षांनी टेप गळून पडते आणि तिचा पिवळा डाग अक्षरांवर बसतो. ज्या ओळीत तिसऱ्या धर्माच्या बापाचं नाव होतं ती वाळवीने खाल्ली, पण तिच्या वरच्या दोन ओळी टेपने.

मी रिकाम्या हाताने लिहीत नाही. आमच्या गावच्या १९०५ ते १९३० च्या फेरफारांच्या मला मिळालेल्या नकलांतली सगळी नावं मी एक्सेलमध्ये भरली आहेत. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, कशासाठी आलं, फेरफार नंबर, साल. खोडलेली नावं वेगळ्या रंगात. गावातल्या दोघी मुली, एक अकरावीतली आणि एक बी.एस्सी.ची, रविवारी येऊन मदत करतात. त्यांतल्या एकीला तिची खापरपणजी सापडली तेव्हा तिने आधी आईला फोन केला आणि मग नाव जोरात वाचून दाखवलं. असं काम करायला प्रत्येक गावात दोघी मिळतील. त्यांना बसायला टेबल आणि बघायला वही द्या, पगार मागणार नाहीत. पेन ड्राइव्ह मी येत्या मंगळवारी खिडकीवर आणून देते आहे. कृपया पोच द्यावी.

सोबत नकलेचा नवा अर्जही आहे, कोर्ट फी स्टॅम्प लावून. तपशील असा. व्यक्तीचे नाव: धर्मा. वडिलांचे नाव: जोमा, किंवा हाशा, किंवा माहीत नाही. गाव: जसखार, तालुका उरण. कालावधी: १८८६ ते १९२०. सर्वे नंबर: माहीत नाही. मुलगी: चांगुणा, घणसोलीस दिलेली. नक्कल कशासाठी हवी: पणजीचं नाव मिळालं, आता तिचं माहेर हवं आहे.

आपली,
घणसोली गावठाणातली एक अर्जदार